हजेरी

‘गुन्हेगारीशास्त्र शिकवते’ म्हटलं, की आमच्या नवी पेठेतल्या बायका विचारतात, ‘अगं बाई, म्हणजे पोलिसात का?’ दुसरा प्रश्नही ठरलेला, ‘मुलींना कशाला हो हा विषय?’ मैत्रिणींनो, कायद्याच्या माझ्या वर्गातल्या मुली मोहोळ, बार्शी, अक्कलकोटहून एसटीने येतात. चोरी, हाणामारी, नवऱ्याचा मार, यातलं काहीच त्यांना नवीन नसतं. नवीन असतं ते त्यावर मोठ्यानं बोलणं.

म्हणून मी टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवते. नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा. बलात्कार, हुंडाबळी असा जड विषय असला तर आदल्या दिवशीच सांगते. ज्यांना ऐकवणार नाही त्यांनी बाहेर बसावं, कारण विचारायचं नाही. आणि हजेरी रोल नंबरने. आडनाव पुकारलं की आपल्याकडे पुढचं सगळं आपोआप कळतं, हे काय तुम्हाला सांगायला हवं!

२०२४ च्या पावसाळ्यात डब्यात एक चिठ्ठी आली. ‘मॅडम, माणूस जन्मतःच गुन्हेगार असतो का? आमच्याबद्दल तसा कायदा होता.’

धडा लोम्ब्रोसोचा चालला होता. हा इटलीचा डॉक्टर. कपाळ, जबडा, कान बघून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, असं त्याने १८७६ साली पुस्तक लिहून मांडलं. पण आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ लाच कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली होती! पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट झाली. दिवसा गिरणीत राबायचं, संध्याकाळी कुंपणाच्या आत, आणि ठरल्या वेळी हजेरी. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. सेटलमेंट हे नाव तर अजून आपल्या तोंडात आहे. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी पुरतं.

हे सांगितल्यावर वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘पण मॅडम, आमच्याकडे चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावरच जातात. काहीतरी असेलच की!’ मी त्याला गप्प केलं नाही. वर्गालाच विचारलं, पोलीस रोज एकाच वस्तीत शोधत राहिले, तर त्यांच्या वहीत नावं कुठली येतील? बंगल्यातला चोर त्या वहीत कसा यायचा? तास संपून गेला तरी वाद चालूच. शेवटी म्हटलं, चार पुतळ्यांपाशी जाऊन या. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले, तेव्हा सरकारी कागदात तेही खुनीच होते.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. चिठ्ठी तिची. तिची आजी त्या तारेच्या आत जन्मलेली. पोरीने पत्ता मैत्रिणींनाही सांगितला नव्हता. विषय सोडायचा म्हणत होती, ‘परीक्षेत आमच्यावरच उत्तर लिहायचं, मॅडम?’ मी उपदेश केला नाही. चहा मागवला. म्हटलं, सोडायचा तर सोड, पण प्रकल्पाची तारीख अजून लांब आहे, तोवर आजीशी बोलून बघ. दर शनिवारी ती लिहिलेलं दाखवायला येऊ लागली. लाल पेन मी काढलंच नाही, शिसपेन्सिलीनेच खुणा केल्या.

ऑक्टोबरात पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तुरुंगात जात बघून काम वाटणं घटनाबाह्य, विमुक्त जमातीचा म्हणून कुणाला सराईत गुन्हेगार धरायचं नाही, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायचा. पोरीने निकालाची प्रत मागून घेतली आणि रात्री आजीला त्यांच्या बोलीत समजावून सांगितली.

आजीने सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘मग माझ्या बापाची वही कुठाय? त्यातलं नाव कोण खोडणार?’

प्रकल्पाचं पहिलं वाक्य तिने तेच घातलं.