पत्नीच्या वांट्यास आलेलें धर्मांतर

रे. नारायण वामन टिळक ह्यांच्या ख्रिस्ती होण्यासंबंधानें आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्या निश्चयाचें मोल कोणाकोणास भरावें लागलें, ह्याचा विचार त्या मानानें थोडाच झाला. टिळक आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यांतले. १८६१ सालीं करजगांवीं जन्मले. राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस नवा करार दिला. तो त्यांनीं चिकित्सकपणें वाचला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. निश्चय त्यांचा एकट्याचा. पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू तेव्हां त्यांच्याजवळ नव्हते.

जिवंत मनुष्यास कुळांतून उठविण्याचा विधि मनुस्मृतींत आहे, तो वाचकांस आठवत असेल. पतिताच्या सपिंडांनीं गांवाबाहेर सायंकाळीं त्यास प्रेताप्रमाणें उदक द्यावें, दासीनें पाण्यानें भरलेला घट पायानें उपडा करावा, सर्वांनीं एक अहोरात्र आशौच धरावें. पुढें त्याच्याशीं भाषण नाहीं, सहासन नाहीं, दायभाग नाहीं. ह्यांपैकीं दायभागापुरता निर्बंध १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें दूर केला. पण पंक्तींतला पाट कोणतें कोर्ट देववणार?

तरी पुरुषाचें एक वेळ निभतें. नव्या मंडळींत त्यास काम मिळतें, मान मिळतो. टिळकांस तो अहमदनगरास अमेरिकन मिशनांत मिळाला. लक्ष्मीबाईंची स्थिति निराळी. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या. वडिलांचें सोंवळें इतकें कडक कीं बाजारचें मीठसुद्धां धुऊन घ्यावयाचें. अशा घरच्या मुलीचा नवरा जिवंत, म्हणून कपाळीं कुंकू. तो बाटला, म्हणून संसार नाहीं. आप्तांच्या आश्रयानें, मूल पोटाशीं धरून, त्यांनीं चार-पांच वर्षें काढिलीं. त्यांतलीं कांहीं पंढरपुरास. पति पतित झाला असतां स्त्रीस दुसरा पति करण्याची मोकळीक पराशरस्मृतींत आहे खरी, पण ती त्या काळीं आपल्यापैकीं कोणत्या घरानें दिली असती? उलट टिळकांस, पत्नी नांदावयास येत नाहीं एवढ्या कारणावरून, १८६६ च्या कायद्यानें विवाह मोडून घेतां आला असता. ते त्या वाटेस गेले नाहींत. पत्रें लिहीत राहिले. त्यांच्या मतांशीं आमचें जुळत नाहीं, तरी एवढें श्रेय त्यांच्या पदरीं घातलेंच पाहिजे.

पुढें लक्ष्मीबाई नगरास त्यांच्याकडे गेल्या. आरंभीं त्यांनीं आपलें सोंवळें वेगळें ठेविलें. टिळकांनीं आडकाठी केली नाहीं. जातिभेद देवाचा कीं माणसाचा, हा विचार त्यांनीं आपल्या मनाशींच केला, आणि १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. त्या नवऱ्यामागून फरफटत गेल्या असें म्हणणाऱ्यांनीं १९३४ पासून प्रसिद्ध झालेलीं ‘स्मृतिचित्रें’ एकदां वाचावींत. त्यांत दुःख आहे, आणि नवऱ्याच्या विक्षिप्तपणाची थट्टाही यथेच्छ आहे. टिळक १९१९ सालीं वारले. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.