पिंजऱ्यात वाचलेल्या सापसुरळ्या

जुन्या कौलारू घरात राहिलेल्यांना कवड्या साप परका नाही. बिनविषारी, रात्रीचा, पालीच्या मागे भिंत चढून जाणारा. आपल्याकडे पाल आणि कवड्या पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदले. पाल काही संपली नाही. याच कवड्याचा आग्नेय आशियातला एक चुलतभाऊ मात्र हिंदी महासागरातल्या एका बेटावर पोहोचला आणि अनर्थ झाला.

ते ख्रिसमस बेट. जावाच्या दक्षिणेला साधारण ३५० किलोमीटरवरचे, अवघे १३५ चौरस किलोमीटरचे, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातले. १९७९च्या पाहणीत तिथे निळ्या शेपटीची सापसुरळी विपुल होती. १९८७मध्ये या सापाची पहिली नोंद झाली. तो बहुधा मालवाहतुकीबरोबर आला असावा. पालींवर जगणारा साप त्या बेटाने पूर्वी पाहिलेलाच नव्हता. बाहेरून आलेल्या मुंग्या आणि घोणीही संशयितांच्या यादीत आहेत, पण मुख्य संशय सापावरच. पुढच्या दोन दशकांत तिथल्या सापसुरळ्या आणि पाली रानातून नाहीशा होत गेल्या.

ऑगस्ट २००९मध्ये याच बेटावरचे एक चिमुकले वटवाघूळ शेवटचे ऐकू आले. पकडून पैदास करण्यासाठी माणसे पोहोचली, तेव्हा एकाच वटवाघळाचा आवाज उरला होता. तेही हाती लागले नाही.

सरपटणाऱ्यांच्या बाबतीत २००९-१०मध्ये थोडी आधी धाव घेता आली. ६६ निळ्या शेपटीच्या सापसुरळ्या आणि ‘लिस्टरची पाल’ म्हणतात त्या जातीच्या ४३ पाली पकडल्या गेल्या. पैदास बेटावर आणि सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात, अशी दोन ठिकाणी सुरू झाली. मादी एका वेळी दोनच अंडी घालते. मूळ कुटुंबे थोडी असल्याने कोणाची जोडी कोणाशी लावायची, याचा हिशेब ठेवावा लागतो. नाहीतर दोन-चार घराण्यांचीच संतती माजते. दोन ठिकाणे कशाला, याचे उत्तर २०१४मध्ये मिळाले. बेटावरच्या पिंजऱ्यांत एका जिवाणूचा रोग शिरला, तोही विज्ञानाला तोवर अनोळखी. सिडनीतला साठा होता म्हणून सगळी पुंजी एकाच टोपलीत नव्हती. आज दोन्ही जातींची संख्या हजाराच्या घरात गेली आहे.

तिसरी जात रानसापसुरळी. तिच्या फक्त तीन माद्या सापडल्या. नर एकही नाही. त्यांना ऊब, खाद्य, निगा सगळे मिळाले. पण पैदास कशी होणार? ‘गंप’ नावाची शेवटची मादी ३१ मे २०१४ रोजी गेली आणि तिच्याबरोबर जात संपली. तिन्ही जातींना माणसे तीच, कसब तेच. फरक पडला तो पकडण्याच्या दिवशी किती जीव शिल्लक होते, एवढ्याचाच.

वाचलेल्यांची गोष्टही पुरी झालेली नाही. ख्रिसमस बेटावर साप अजून आहे, त्यामुळे त्यांना घरी सोडता येत नाही. २०१९मध्ये सुमारे हजार किलोमीटर दूरच्या कोकोस बेटांपैकी एका सापविरहित बेटावर निळ्या शेपटीच्या सापसुरळ्या सोडल्या गेल्या. पिंजऱ्याने त्यांचा वंश राखला; घर मात्र अजून परत मिळायचे आहे.