लॅपलंडची पारख हिवाळ्यात

फिनलंडच्या लॅपलंडमधल्या पक्षीनिरीक्षणाची बहुतेक वर्णनं जूनभोवती फिरतात. ते साहजिकच आहे. आर्क्टिक वृत्तापलीकडे तेव्हा सूर्य मावळत नाही, विलोच्या झुडपांत ब्लूथ्रोट रात्रभर गातो आणि तुंतुरी म्हणतात त्या उघड्या डोंगरमाथ्यांवर डॉटरेलचा नर अंडी उबवत बसलेला असतो. तरीही या प्रदेशाची पारख जूनवरून करणं म्हणजे आषाढी वारीच्या गर्दीवरून पंढरपूरचं बारमाही जगणं ठरवणं. उत्तरेकडचं जंगल कसं आहे, हे बर्फ पडल्यावरही तिथेच राहणारे पक्षी जास्त खात्रीने सांगतात.

सायबेरियन जे हा तपकिरी-राखाडी, तांबूस शेपटीचा पक्षी घ्या. शरद ऋतूत तो बेरी आणि मांसाचे तुकडे उचलतो, पाइनच्या सालीच्या फटीत किंवा झाडावर लोंबणाऱ्या दगडफुलाच्या झुपक्याआड खुपसतो आणि पुढच्या झाडाकडे वळतो. असा साठा शेकडो जागी विखुरलेला असतो. हिवाळा बराचसा त्यावर निघतो. एप्रिलमध्ये जमिनीवर बर्फ असतानाच त्याची वीण सुरू होते. साठ्याला जुनी झाडं लागतात आणि घरटं ससाण्या-कावळ्यांच्या नजरेआड ठेवायला दाट स्प्रूस. विरळणीत खालची झाडी काढली की आडोसा जातो आणि घरटी लुटली जातात, हे स्वीडनमधल्या दीर्घ अभ्यासांतून दिसलं आहे. जंगल नकाशावर तसंच हिरवं राहतं, पक्षी मात्र जातो.

हिवाळ्यात दिसतात तरी किती जाती, हा आक्षेप खराच आहे. दिवसभर चालून मोजक्याच जाती हाती लागतात. पण थोड्या जाती म्हणजे थोडी माहिती नव्हे. फिनलंडमध्ये 1956-57च्या हिवाळ्यापासून ठरलेल्या वाटांवरून पक्षी मोजले जातात. त्याच वाटेवर काय दिसलं नाही, हीसुद्धा तिथे नोंदच असते. शिवाय काही संकटं हिवाळ्याच्या तोंडावरच दिसतात: विलो टार्मिगन हा पक्षी ऋतू बदलताना पांढरा होतो, आणि बर्फ उशिरा पडला तर तपकिरी जमिनीवर शत्रूला सहज दिसतो. जूनमध्ये आलेल्याला हे संकट कळणारच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: स्थलांतरितांना वगळून उत्तरेचं चित्र पुरं कसं व्हावं? होत नाहीच. नॉर्वेतल्या ब्लूथ्रोटना बसवलेल्या जिओलोकेटर या प्रवास नोंदवणाऱ्या छोट्या यंत्रांनी ते भारतीय उपखंडात हिवाळा काढतात हे दाखवलं. स्कँडिनेव्हियाचा रेड-नेक्ड फॅलरोप अरबी समुद्रात उतरतो. महाराष्ट्रातल्या तळ्याकाठच्या लव्हाळ्यात ब्लूथ्रोट टिपणाऱ्यांचा या विषयाशी थेट संबंध आहे, आणि त्यांच्या नोंदींशिवाय उत्तरेचा हिशेब अपुरा राहील. पण ब्लूथ्रोट घटला तर कारण लॅपलंडमध्ये आहे, वाटेत आहे की इथल्या बुजवलेल्या पाणथळीत, हे शोधायला अनेक देशांच्या नोंदी जुळवाव्या लागतात. प्रौढ सायबेरियन जे सहसा आपला टापू सोडत नाही. तो घटला तर चौकशी त्याच जंगलातून, तिथल्या तोडीपासून सुरू करता येते.