विश्लेषण : गळाचा उलटा काटा दाबून टाकला तर मासा निसटतो का?

पावसाची पहिली झड पडून गेली की बेंबळा, अरुणावती, पूस या धरणांच्या आसपास आणि पैनगंगेच्या डोहांवर गळ टाकणाऱ्यांची संख्या वाढते. बांबूची काठी आणि गांडूळ आहेच. पण आता यवतमाळ, पुसद, दिग्रसच्या तरुणांकडे ऑनलाइन मागवलेले रॉड, रील आणि रबरी बेडूकही दिसतात. या बेडकाला जोडलेल्या धारदार गळांना सहसा उलटा काटा असतो. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात नेमका हाच काटा नसलेला गळ वापरण्याची सक्ती आहे. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतानेही १९९० मध्ये असा नियम केला. कारण काय, आणि यवतमाळच्या पाण्यावर त्याचा उपयोग आहे का?

उलटा काटा काय काम करतो?

गळाच्या टोकाच्या थोडे मागे, टोकाच्या विरुद्ध दिशेने उठलेला छोटा काटा असतो. त्याचे काम कुसळासारखे आहे. कुसळ कपड्यात सहज शिरते, पण मागे ओढले की अडकते. गळ आत जाताना काट्याचा अडथळा फारसा होत नाही; बाहेर काढताना मात्र तो मांस फाडत येतो. मासा खायचा असेल तर यात बिघडत नाही. परत सोडायचा असेल तर सगळा फरक इथेच पडतो.

मासा निसटत नाही का?

दोरी ढिली पडली तर निसटतो, ताणलेली राहिली तर सहसा नाही. मासा गळाच्या वाकलेल्या भागात अडकून राहतो आणि दोरीचा ताण त्याला तिथे धरून ठेवतो. काटा नसलेला गळ आत शिरायला जोरही कमी लागतो. मात्र रात्रभर पाण्यात सोडून दिलेल्या दोरीवर ताण धरायला कोणी नसते. तिथे उलटा काटा हवाच.

म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगणाऱ्या भोई कुटुंबांना हा सल्ला देण्यात अर्थ नाही. त्यांची बहुतेक मासेमारी जाळ्याने होते आणि गळाला लागलेला मासा बाजारात जायचा असतो. प्रश्न आहे तो हौशी लोकांचा, जे फोटो काढतात आणि मासा सोडून देतात, किंवा बोटभर पिल्लू लागले म्हणून परत टाकतात.

संशोधन काय सांगते?

इथे चित्र एकतर्फी नाही. ट्राउट माशांवरच्या अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून टेलर आणि व्हाइट यांनी १९९२ मध्ये उलट्या काट्याने जास्त मासे दगावतात, असा निष्कर्ष काढला. १९९७ मध्ये शिल आणि स्कार्पेला यांनी आकडे पुन्हा तपासले. कृत्रिम आमिषावर काट्याच्या गळाने सोडल्यानंतर मरणाऱ्या माशांचे प्रमाण ४.५ टक्के आणि बिनकाट्याच्या गळाने ४.२ टक्के निघाले, म्हणजे जवळपास सारखेच. गळ ओठात लागला की घशात, यावर माशाचे जगणे जास्त अवलंबून असते. गांडुळासारखे खरे आमिष मासा गिळतो, त्यामुळे धोका तिथे अधिक.

मग फायदा कशात? गळ सुटायला लागणाऱ्या वेळात. रोहू, कटला यांना पाण्याबाहेर श्वास घेता येत नाही. पक्कड घेऊन दोन मिनिटे झटापट करणे आणि दोन सेकंदांत गळ निघणे यातला फरक त्यांच्यासाठी मोठा आहे. आमिषाला कधी कासवही लागते. गोड्या पाण्यातल्या अनेक कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याच्या तोंडातून काट्याचा गळ काढणे किती अवघड, हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक.

मरळीचा मुद्दा वेगळा का?

विदर्भात सर्वाधिक हौसेने धरला जाणारा मासा म्हणजे मरळ, आणि रबरी बेडूक मुख्यतः तिच्यासाठीच असतो. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे थोडा वेळ पाण्याबाहेर राहिल्याने ती मरत नाही. तिची अडचण दुसरीच आहे. मरळ पावसाळ्यात अंडी घालते आणि नंतर पिल्लांची राखण करते. उथळ पाण्यात लालसर पिल्लांचा पुंजका वर-खाली होताना दिसतो. त्याच्या खाली आई-बाप असतात. त्या पुंजक्यावर बेडूक टाकला की मरळ हमखास झडप घालते, भुकेने नव्हे, पिल्लांना वाचवायला. अनेकांना ही युक्ती माहीत आहे, आणि तीच सगळ्यात नुकसानीची आहे. राखणदार गेला की इतर मासे पिल्ले फस्त करतात. एका मरळीच्या मोबदल्यात पूर्ण वेत जाते.

बिनकाट्याचा गळ असेल तर चुकून लागलेली मरळ तिथल्या तिथे, जबडा न फाटता सोडता येते. तरी पुंजका दिसला तर तिथे गळ न टाकणे हाच खरा उपाय. गळ कोणताही असो.

बोटात गळ घुसला तर?

हौशी मंडळींनी काटा दाबावा याचे सर्वात ठोस कारण हेच. रबरी बेडूक फेकताना तो शेजाऱ्याच्या दंडात जाऊ शकतो, किंवा तडफडणाऱ्या माशाबरोबर स्वतःच्या तळहातात. बिनकाट्याचा गळ आला त्याच वाटेने निघतो. काट्याचा गळ खोल गेला तर डॉक्टर अनेकदा टोक पुढे ढकलून त्वचेबाहेर काढतात, काटा कापतात आणि मग उरलेला गळ मागे घेतात. घरी ओढाताण करू नये. जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. गळ डोळ्यात किंवा डोळ्याजवळ गेला तर त्याला हातही न लावता थेट रुग्णालय गाठावे. उमरखेडच्या बाजूने यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, हे पैनगंगेच्या डोहावर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

काटा कसा दाबायचा?

नवीन गळ विकत घेण्याची गरज नाही. निमुळत्या तोंडाच्या पक्कडीत उलटा काटा धरून हळूहळू दाबायचा. एकदम जोर दिला तर टोक तुटून उडू शकते, म्हणून चष्मा किंवा गॉगल घालावा. नंतर गळ सुती कापडात टोचून मागे ओढावा. धागा न अडकता निघाला तर काम झाले.

जाण्यापूर्वी आणखी एक चौकशी करावी. अनेक तलावांची मासेमारी मत्स्य सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. तिथे संस्थेची परवानगी लागते. पैनगंगा आणि टिपेश्वर अभयारण्यांच्या हद्दीत मात्र गळ बिनकाट्याचा असला तरी टाकता येत नाही.