कापणी प्रयोगाची बांधी अंकावरून का ठरते?



धान कापणीला आलं की भंडारा जिल्ह्यात पीक कापणी प्रयोग होतात. मोजक्या बांध्यांतला ठरावीक तुकडा कापून, चुरून धान तोलतात. त्यावरून मंडळाचं सरासरी उत्पन्न काढतात. पीक विम्याच्या भरपाईत हा आकडा मोलाचा असतो.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण गंजातला भात एकसारखा शिजतो. शेतं तशी नसतात. नाकाडोंगरीकडे पाहा. बावनथडीच्या पाण्याची बांधी वेगळी, निव्वळ पावसावरची वेगळी. म्हणून नमुना कसा निवडला, याला महत्त्व.

तीन शब्द समजून घ्या :

समष्टी : मंडळातली धानाची सगळी शेतं.

नमुना : त्यांतून मोजणीसाठी घेतलेली थोडी शेतं.

यादृच्छिक निवड : कुणाची मर्जी न चालता, निव्वळ अंकावरून झालेली निवड. आधी गट क्रमांक असा निघतो. मग शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून, निघालेल्या अंकाइतकी पावलं लांबीत आणि रुंदीत टाकून तुकडा आखतात.

आता हिशेब करू. समजा, १० मीटर लांब-रुंद असे चार तुकडे कापले. धान भरलं ३०, २४, १६ आणि १० किलो. बेरीज ८०, सरासरी २० किलो. म्हणजे हेक्टरी २० क्विंटल. उंबरठा उत्पन्न २४ क्विंटल असेल, तर तूट ४ क्विंटलची, म्हणजे एक षष्ठांश. ३०,००० रुपये विमा संरक्षित रकमेवर भरपाई ५,००० रुपये. पण १० किलोचा तुकडा "पडलेला आहे" म्हणून सोडला आणि शेजारचा २६ किलोचा कापला, तर सरासरी होते २४. भरपाई शून्य, तीही साऱ्या मंडळाची! मुद्दाम पडका तुकडा धरला, तर आकडा उलट्या बाजूनं खोटा होतो.

सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे (१९११–१९९७) यांनी देशात या पद्धतीचा पाया घातला. तुकडा फार लहान असला, तर कडेचे बाहेरचे चूड आत धरले जातात आणि उत्पन्न फुगतं, हे त्यांनी दाखवलं.

तेव्हा एवढं करा :

१. प्रयोगाच्या दिवशी हजर राहा.

२. गट क्रमांक आणि पावलांचे अंक विचारून घ्या.

३. दोरी ताणलेली आहे का, कडेचे चूड बरोबर धरले का, ते पाहा.

४. वजन आणि ओलावा समोर लिहायला लावा.

तुमची बांधी निघाली नाही, म्हणून घरी बसू नका. शेजाऱ्याच्या बांधीत तोललेलं धान तुमच्याही हिशेबात येतं.