वॉरंटीतला एसएमपीएस जळाला? स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हे वाचा

रात्री लाईट जाते, पाच मिनिटांनी येते. कम्प्युटरचं बटण दाबलं तर काहीच नाही. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, वर जळकट वास. मग घरातलं कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागतं, आणि कित्येकदा वॉरंटी तिथेच संपते.

अशा वेळी पहिला संशय एसएमपीएसवर जातो. कॅबिनेटमधला हा लोखंडी डबा घरातल्या 230 व्होल्ट विजेपासून 12, 5 आणि 3.3 व्होल्टचा पुरवठा तयार करतो आणि मदरबोर्ड, हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्डला देतो. विजेच्या चढउताराचा पहिला मार त्यालाच बसतो.

खरंच तोच गेलाय का?

आधी साध्या गोष्टी बघा. दुसरं सॉकेट, दुसरी पॉवर केबल, डब्यामागचं छोटं बटण. जळका वास नसेल तर केबल काढून काही मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा. चांगल्या एसएमपीएसमध्ये संरक्षण यंत्रणा असते. धोका जाणवला की ती पुरवठा तोडते, आणि डबा मेल्यासारखा वाटतो. कधी दोष मदरबोर्डात किंवा ग्राफिक्स कार्डात असतो आणि बळी जातो एसएमपीएसचा.

हिरवी वायर काळ्या वायरला जोडून पंखा फिरतो का बघायची युक्ती अनेकांना माहीत असते. पण हल्ली बऱ्याच मॉडेलमध्ये सगळ्या वायरी काळ्याच असतात, तिथे अंदाजाने पिना जोडणं धोक्याचं. शिवाय पंखा फिरला म्हणजे व्होल्टेज बरोबर आहे असं नाही. काही मॉडेलमध्ये तर लोड वाढेपर्यंत पंखा फिरतच नाही. त्यापेक्षा ओळखीच्या दुकानात दुसरा एसएमपीएस लावून बघा, दहा मिनिटांत कळतं.

डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही 300 व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. आणि स्क्रूवरचं सील फाटलं की कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं.

वॉरंटी नेमकी कोणाकडे?

कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसची जबाबदारी बहुधा विकणाऱ्या दुकानदारापुरतीच असते. वेगळा घेतलेला ब्रँडेड एसएमपीएस कंपनीच्या वॉरंटीत येतो, आणि ती 3, 5, कधी 10 वर्षांचीही असते. दावा करताना लागतं ते पक्कं बिल आणि डब्यावरचा सिरीयल नंबर. जीएसटी वाचवायला कच्च्या बिलावर घेतलेला माल इथेच अडकतो. थर्मल कागदावरचं बिल वर्षा-दोन वर्षांत पुसट होतं, म्हणून घेतल्या दिवशीच फोटो काढून ठेवा. अमेरिकेतल्या भावाने आणून दिलेल्या मालाची वॉरंटी भारतात चालेलच असं नाही, अटी आधी वाचा.

जमा करताना तारीख आणि सिरीयल नंबर लिहिलेली पावती मागून घ्या. 'कंपनीकडे पाठवलंय' हे तोंडी उत्तर पुढे कामाला येत नाही.

बदलून मिळाल्यावरची चूक

ही चूक सगळ्यात महाग पडते. केबल सुट्या होणाऱ्या, म्हणजे मॉड्युलर, एसएमपीएसच्या जागी दुसरं मॉडेल आलं की लोक कॅबिनेटमध्ये नीट बांधलेल्या जुन्याच केबल ठेवतात. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची रचना कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही वेगळी असते. प्लग बसतो, पण 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट गेले तर हार्ड डिस्क जळते, आणि तिच्यासोबत लग्नाचे फोटोही. तो डेटा सहसा कोणत्याच वॉरंटीत भरून मिळत नाही. नव्या डब्यातल्या केबलच वापरा, कंटाळा आला तरी.

दावा नाकारला तर?

कारण लेखी मागा. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवता येते. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असलं तरी. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत आहे तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची.