घरगुती सेप्टिक टाकीची निगा : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा तलावांचा व धानाचा जिल्हा होय. पावसाळ्यात बांध्यांमध्ये पाणी साचते व अनेक ठिकाणी भूजल जमिनीलगत येते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानामुळे शौचालयांची संख्या वाढली. तथापि टाकी बांधल्यानंतर तिच्या देखभालीकडे दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात या देखभालीचा विचार केला आहे.

टाकीचे कार्य :
टाकीत जड मैला तळाशी बसतो, तेलकट पदार्थ वर तरंगतात आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. प्राणवायूविना जगणारे जिवाणू मैल्याचे विघटन करतात. परंतु ते अंशतःच होते. ‘टाकी तुंबली नाही, मग उपसावी कशाला?’ हा समज म्हणूनच भ्रामक ठरतो. पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या नळाइतकीच राहते. वाढतो तो तळाचा गाळ. तो वाढल्यास मैला शोषखड्ड्यात शिरतो, मातीची छिद्रे बुजतात आणि परिसरातील विहिरी दूषित होण्याचा धोका संभवतो.

देखभालीची सूत्रे :
१) साधारणतः दोन ते तीन वर्षांनी गाळ उपसावा. भूजल उंच असताना रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलली जाण्याची वा तडकण्याची शक्यता असते. म्हणून हे काम उन्हाळ्यात करणे इष्ट.
२) आम्ल व तीव्र जंतुनाशके यांचा अतिवापर टाळावा, त्यामुळे उपयुक्त जिवाणू नष्ट होतात. प्लास्टिक, कापड व खरकटे तेल टाकीत जाऊ देऊ नये.
३) भारतीय मानक २४७० नुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असावा.
४) उपसा यंत्राच्या गाडीनेच करावा. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड अधिक प्रमाणात असल्यास घ्राणशक्तीच बधिर होते व धोक्याची जाणीव होत नाही. सुरक्षासाधनांविना माणसाकडून अशी सफाई करवून घेणे २०१३ च्या कायद्यानुसार दंडनीय आहे.
५) उपसलेला मैला नाल्यात वा बांधीत न सोडता प्रक्रिया केंद्रातच नेला जाईल, याची खात्री करावी.

निष्कर्ष :
वाई व सिन्नर येथील नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी टाक्या उपसण्याची पद्धती अवलंबिली. भंडाऱ्यासारख्या जलसमृद्ध जिल्ह्यात तिचे महत्त्व अधिकच आहे. कारण येथे एका घराच्या टाकीची उपेक्षा शेजाऱ्याच्या विहिरीला आणि सफाई कामगाराच्या जिवाला भोवू शकते.